मध्यमवयातले 'कारण अज्ञात' मृत्यू: जादा किती, हे कसं काढायचं?

नमस्कार सर. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माहितीच्या अधिकारात तुम्ही नगरपालिकेकडून 2015 ते 2022 या वर्षांतल्या मृत्यूंच्या नोंदी मिळवल्या. त्यात 40 ते 59 वयाच्या लोकांमध्ये 'कारण अज्ञात' असलेले मृत्यू 2022 साली आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त दिसतात. या वाढीला 'अज्ञात कारणाने झालेले जादा मृत्यू' म्हणता येईल का, ते नेमके किती, आणि गावात कोविडच्या लसीकडे बोट दाखवलं जातं त्यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय. तुमचे दोन वर्गमित्र त्याच वर्षी अचानक गेले, हेही तुम्ही लिहिलंत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पीएसएमची, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची डॉक्टर. सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायला लागून 21 वर्षं झाली. त्यातला बराच काळ इंटर्न मुलांना मृत्यूच्या कारणाचा दाखला कसा भरायचा हे शिकवण्यात आणि नगरपालिकांची मृत्यूची रजिस्टरं चाळण्यात गेला. 'कारण अज्ञात' या रकान्याशी माझी जुनी ओळख आहे, आणि त्याच्या एकट्याच्या आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

कारण असं की हा रकाना माणसं भरतात. कुणी डॉक्टर, कुणी कारकून, कुणी कंत्राटी ऑपरेटर. त्यातला आकडा दोन प्रकारे वाढतो. एक तर खरोखरच जास्त माणसं गेली आणि ती कशाने गेली ते कळलं नाही. किंवा माणसं नेहमीइतकीच गेली, पण आधी ज्या नोंदी 'हृदयविकार', 'मेंदूतील रक्तस्राव' अशा रकान्यांत जायच्या त्या आता इकडे येऊन पडल्या. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. यातलं कोणतं घडलं, ते फक्त एकूण मृत्यूंचा आकडा सांगू शकतो. मेलेला माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो, एकूण बेरजेतून जाऊ शकत नाही. म्हणून मी सुरुवात नेहमी त्या वयोगटातल्या सगळ्या मृत्यूंपासून करते, कारणाकडे न बघता.

जादा मृत्यू म्हणजे प्रत्यक्ष झालेले वजा अपेक्षित. ही कल्पना जुनी आहे. 1847 च्या फ्लूच्या साथीत लंडनमध्ये किती माणसं जास्त गेली, ते विल्यम फार यांनी याच वजाबाकीने काढलं होतं. वजाबाकी सोपी आहे. सगळा वाद 'अपेक्षित' या शब्दावर होतो.

तुमचे खरे आकडे इथे मांडत नाही, त्यावरून गाव ओळखू येईल. हिशोब दिसावा म्हणून मी स्वतः तयार केलेले आकडे घेते. समजा एका गावात या वयोगटातले एकूण मृत्यू 2015 ते 2019 या पाच वर्षांत 610, 618, 632, 640 आणि 650 असे होते, आणि 2022 मध्ये 700 झाले. पाच वर्षांची सरासरी 630. सरासरीशी तुलना केली तर जादा मृत्यू 70. वर्तमानपत्रात बहुतेक वेळा हाच आकडा येतो. पण नीट बघा, मृत्यू दरवर्षी थोडे वाढतच होते, साधारण दहाने. गाव वाढतंय, या वयोगटातली माणसं वाढताहेत, नोंदणीही सुधारतेय. हा कल पुढे ओढला तर 2022 साठी अपेक्षित आकडा येतो 681. मग जादा मृत्यू 19. तेच आकडे, तेच गाव; कल धरला आणि सत्तरचे एकोणीस झाले.

आता 'कारण अज्ञात' बघू. समजा त्याच पाच वर्षांत ते 30, 28, 33, 31, 33 होते आणि 2022 मध्ये 74. कल धरून अपेक्षित 35-36, म्हणजे जादा 38. एकूण जादा मृत्यू 19 आणि त्यातले एकट्या अज्ञात कारणाचे 38, हे कसं? उत्तर दुसऱ्या रकान्यांत असतं. हृदयविकाराचे मृत्यू 180, 184, 186, 192, 193 असे चढत होते; कलाप्रमाणे 2022 मध्ये 204 हवे होते आणि नोंदले गेले 181. तिकडे 23 कमी. बाकी सगळी कारणं मिळून 4 जास्त. 38 वजा 23 अधिक 4, झाले 19. हिशोब जुळला.

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. छोट्या गावाचे आकडे आपोआप वरखाली होतात. 681 मृत्यू अपेक्षित असतील तर निव्वळ योगायोगाने ते 52 ने इकडेतिकडे होऊ शकतात. 681 चं वर्गमूळ साधारण 26, त्याची दुप्पट. शिवाय आपली रेषाच पाच बिंदूंवरून काढलेली आणि तीन वर्षं पुढे ताणलेली. ती अनिश्चितता धरली तर हा पट्टा जवळजवळ दुप्पट रुंद होतो, 95 च्या आसपास. त्यात 19 कुठल्या कुठे बुडून जातात. हृदयविकारातली 23 ची घटसुद्धा एकटी घेतली तर योगायोगात बसते. तिला मी पुरावा मानत नाही, कुठे शोधायचं त्याची खूण मानते. 'कारण अज्ञात'मधली वाढ मात्र हा सगळा पट्टा धरूनही बाहेर पडते. म्हणजे रकान्यात काहीतरी नक्की बदललं. माणसं जास्त मेली की नाही, हे या गावाच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. अशा गावासाठी मी 'अज्ञात कारणाने 38 जादा मृत्यू' असं कधीही लिहिणार नाही.

हेच आकडे उलटे निघाले तर? समजा एकूण मृत्यू 700 ऐवजी 800 झाले आणि हृदयविकार आपल्या रेषेवर, 204 वरच राहिला. मग जादा 119. तो पट्ट्याच्या बाहेर जातो आणि मी खुर्चीत सावरून बसेन. तेव्हा 38 हा त्या जादा मृत्यूंचा अज्ञात कारणाचा वाटा, म्हणजे साधारण एक तृतीयांश, असं म्हणता येईल. तेही एका अटीवर: बाकीचे मोठे रकानेही एकेक करून तपासायचे आणि त्यांतून कुणी इकडे सरकलेलं नाही याची खात्री करायची.

आता तुमच्या नोंदींकडे. पहिला प्रश्न, तुम्ही 'अज्ञात' कशाला म्हटलंत? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-10 मध्ये, लक्षणं आणि अस्पष्ट कारणं यांचं एक वेगळं प्रकरण आहे, आर 00 ते आर 99. शेवटचा आर 99 म्हणजे कारण कळलंच नाही. आर 96 म्हणजे अचानक मृत्यू, कारण अज्ञात. पण आर 54 हा वार्धक्याचा संकेतांक, तोही त्याच प्रकरणात येतो. उलट 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलेला दाखला हृदयाच्या प्रकरणात जाऊन बसतो, आय 46 मध्ये. आता सांगा, हृदय बंद न पडता कोण मरतं? ते मरण्याचं कारण झालंच नाही. दाखल्याच्या फॉर्मवर, म्हणजे नमुना 4 वर, छापलेलंच असतं की मृत्यूची रीत लिहू नका, ज्या आजाराने किंवा इजेने मृत्यू झाला तो लिहा. तरी दहा दाखले हातात घेतले तर त्यातल्या बऱ्याच दाखल्यांवर पहिल्या ओळीत हेच असतं, आणि खालच्या दोन ओळी, जिथे मूळ आजार लिहायचा, त्या कोऱ्या. असले दाखले मी अज्ञातातच धरते. तुम्ही दोन्ही प्रकारे मोजा, आर प्रकरण एकटं आणि आर अधिक आय 46. पहिला आकडा उडी मारतो आणि दुसरा सपाट राहतो, असं झालं तर लिहिणाऱ्याची सवय बदलली असं समजा.

एका नगरपालिकेत माझ्यासमोर हेच घडलं. एका एप्रिलपासून 'अज्ञात' एकदम वर गेले होते. मुख्याधिकारी घाबरले, आम्हाला बोलावलं. मी रजिस्टर घेऊन बसले. मार्चपर्यंतच्या नोंदींत समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात फोन नंबर लिहिलेले. जुने जन्म-मृत्यू लिपिक दाखला अपुरा असला की त्या डॉक्टरांना फोन करायचे, 'साहेब, नेमकं काय झालं होतं?' विचारायचे आणि मग नोंद घ्यायचे. मार्चअखेर ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी ऑपरेटर आला. त्याच्यापुढे संगणकावर यादी उघडायची आणि तो शेवटचा पर्याय निवडायचा. पेन्सिलीचे नंबर ज्या पानावर थांबले, त्याच पानापासून 'अज्ञात' चढायला लागले होते. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तुमच्या पालिकेत 2020 नंतर त्या टेबलावर कोण बसतं, आधी कोण बसायचं, हे चौकशी करून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, वय. तुम्ही 40 ते 59 घेतलंत, पण आपल्याकडे वय गोल आकड्यात सांगतात. 58 चा माणूस 'साठीचा' होतो, 41 चा 'चाळीसचा'. 40 आणि 60 हे दोन्ही फुगलेले आकडे तुमच्या सीमेवर बसलेत. चाळीसचा फुगवटा आत, साठचा बाहेर. नोंदणी करणाऱ्याने आधारकार्ड बघायला सुरुवात केली की ही माणसं खऱ्या वयाला परत येतात आणि तुमचा गट उगीच बदलतो. म्हणून 35-44, 45-54, 55-64 असे गट घ्या. भारताच्या महानिबंधकांच्या, म्हणजे देशातल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रमुखांच्या, मृत्यूकारणांच्या अहवालातही हेच गट असतात, त्यामुळे तुलनाही करता येते, आणि 40, 50, 60 हे फुगवटे गटाच्या बरोब्बर मध्ये पडतात. स्त्रिया आणि पुरुष वेगळे मोजा. बायकांच्या मृत्यूंची नोंद मागे पडते. नावावर जमीन नाही, विमा नाही, मग दाखला कशाला, असं घरचे म्हणतात. हे प्रमाण सुधारलं की बायकांचे मृत्यू वाढल्यासारखे दिसतात.

तिसरं, राहण्याचं ठिकाण. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. तुमच्या गावात उपजिल्हा रुग्णालय असेल, तर आजूबाजूच्या खेड्यांतले अत्यवस्थ रुग्ण तुमच्या रजिस्टरमध्ये येतात, आणि तुमचे लोक मोठ्या शहरात दगावले की तिकडे जातात. मृत्यूच्या अहवालात कायम राहण्याचं ठिकाण हा रकाना असतो, त्यावरून गाळून घ्या. मृत्यूदर काढताना तुम्ही छेदात गावची लोकसंख्या घेणार आणि अंशात तालुक्याचे मृत्यू, असं व्हायला नको. त्या छेदाचंही अवघड आहे. शेवटची जनगणना 2011 ची. 2021 ची झालीच नाही. राज्यासाठी 2036 पर्यंतचे सरकारी अंदाज आहेत, गावासाठी तुम्हाला ते स्वतः बसवावे लागतील. म्हणून गावपातळीवर मी दरापेक्षा संख्येच्या कलावर जास्त भर देते.

चौथं, आणि या प्रश्नात सगळ्यात जास्त फसवणारं, म्हणजे उशीर. घरी अचानक गेलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचं बऱ्याचदा शवविच्छेदन होतं. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला जातो आणि डॉक्टर लिहितात, 'मत राखीव'. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर रजिस्टरमध्ये कारण अज्ञात. अहवाल आल्यावर रजिस्टरात दुरुस्ती होतेच असं नाही. ती कुणीतरी मुद्दाम जाऊन करावी लागते. म्हातारा माणूस घरी गेला तर कुणी शवविच्छेदन करत नाही, म्हणून हा ढीग मध्यमवयातच साचतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात 2021 च्या मृत्यूंच्या यादीत 'अस्पष्ट व अज्ञात कारणं' सगळ्यात वर आली तेव्हा जगभर चर्चा झाली; अशी ताजी यादी वाचताना तपास बाकी असलेल्या नोंदी त्यात किती, हा पहिला प्रश्न असायला हवा. इंग्लंडमध्ये गंमत उलटी आहे. तिथे कोरोनरची, म्हणजे संशयास्पद किंवा अचानक मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी संपेपर्यंत मृत्यूची नोंदच होत नाही, त्यामुळे ताज्या वर्षात तरुण मृत्यू कमी दिसतात. आपल्याकडे नोंद होते, कारण मागे राहतं. म्हणून ताज्या वर्षाची जुन्या वर्षाशी तुलना करताना दोन्ही सारखीच 'पिकलेली' हवीत. 2022 चे आकडे तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाले ते बघा, आणि आज पुन्हा त्याच वर्षाचे मागा. दोन प्रतींमध्ये किती अज्ञात कमी झाले, तो फरक कशाचा हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

अपेक्षित आकडा काढायला पायाभूत वर्षं म्हणून 2020 आणि 2021 घेऊ नका, हे सांगायला नकोच. देशात 2019 मध्ये सुमारे 76 लाख मृत्यू नोंदले गेले, 2020 मध्ये 81 लाख, 2021 मध्ये 102 लाख. महाराष्ट्रात 2019 चे सुमारे 6.9 लाख, 2020 चे 8.1 लाख. कोविडने घरी गेलेले पण चाचणी न झालेले अनेक जण कुठल्या कुठल्या रकान्यात विखुरले असतील. पुढे 2021 च्या अखेरीस कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना 50,000 रुपयांचं सानुग्रह अनुदान सुरू झाल्यावर लोक दाखल्यावरचं कारण बदलून घ्यायला आले. ही दोन वर्षं मोजायची, पण त्यांच्यावर रेषा बेतायची नाही. आणि पुढे 2024 चे आकडे जोडाल तेव्हा लक्षात ठेवा, 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. कारणाचा दाखला प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, विनामूल्य द्यायचा आहे. त्याने रकाने पुन्हा हलतील. देशात 2021 मध्येही नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम 23 मृत्यूंना वैद्यकीय दाखला होता, म्हणजे हलायला जागा भरपूर आहे.

'अज्ञात' मृत्यू ज्ञात कारणांच्या प्रमाणात वाटून टाका, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. या वयोगटात ते करू नका. कॅन्सरने गेलेल्या माणसाचं कारण अज्ञात राहत नाही. घरात फाइल असते. अज्ञातात जातात ते अचानक गेलेले, घरी गेलेले, एकटे राहणारे, विषबाधेचा संशय असलेले. वाटायचंच तर घरी झालेले आणि रुग्णालयात झालेले वेगळे करून वाटा.

आता लस. जादा मृत्यूंचा हिशोब 'किती' सांगतो, 'कशाने' ते सांगत नाही. त्यासाठी अभ्यासच वेगळा लागतो. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, असा एक केला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 47 रुग्णालयं, 18 ते 45 वयातले अचानक आणि कारण न कळता झालेले 729 मृत्यू, आणि तुलनेला त्याच परिसरातली 2,916 माणसं. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता कमीच होती. ज्यांच्याशी संबंध दिसला त्या गोष्टी म्हणजे कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात भरती, घरात कुणाचा अचानक मृत्यू, मृत्यूआधीच्या 48 तासांत बेसुमार दारू किंवा नशा, किंवा खूप जोराचा व्यायाम. तुमच्या वयोगटाशी तो थोडाच जुळतो, आणि असे मृत्यू वाढले का हे तो मोजत नाही. पण गावात जे बोललं जातंय त्याला उत्तर म्हणून त्याचं वजन माझ्यालेखी तुमच्या आणि माझ्या रजिस्टरपेक्षा खूप जास्त आहे.

हे सगळं करून शेवटी काही नावं उरतील. माझ्या उदाहरणात 74. ती घरं मोजकी आहेत, आणि तुम्ही तिथलेच आहात. आमच्याकडे याला मौखिक शवविच्छेदन म्हणतात: घरच्यांशी ठरलेल्या प्रश्नावलीने बोलायचं आणि मग दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवायचं. एका टेम्पोचालकाच्या घरी मी अशीच गेले होते, वय 47, दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून'. त्याची बायको सांगत होती, तीन दिवस छातीत जळजळतंय म्हणत होते, गॅसची गोळी घ्यायचे, जिना चढताना मध्येच बसायचे. तिने ती पट्टी अजून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती, दोन गोळ्या उरलेली. रजिस्टरमधली ती नोंद माझ्यासाठी त्यानंतर अज्ञात राहिली नाही.

पण हे तुम्ही एकट्याने करू नका. नावं मिळवायला पालिकेची लेखी परवानगी लागेल, आणि जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम विभागाला सोबत घेतलंत तर त्यांच्या एथिक्स कमिटीतून रीतसर जाता येईल. घरी जाताना त्या वस्तीतली आशाताई बरोबर असू द्या. आणि तुमच्या दोन मित्रांच्या घरी तुम्ही स्वतः प्रश्न विचारू नका, ते काम दुसऱ्या कुणाला द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.